मागनोंदीची फसवी साक्ष : असमकालिक संदेशवहनातील दोषशोधाचा एक प्रश्न

संगणकप्रणालीत दोष उद्भवला म्हणजे त्याचा शोध घेणाऱ्याचे लक्ष प्रथम तिच्या मागनोंदीकडे जाते. आज्ञावली चालू असता तिने कोणती पायरी केव्हा ओलांडली, याची ओळीओळीने ठेवलेली नोंद म्हणजे मागनोंद होय. व्यवहारात तिला ट्रेस किंवा लॉग म्हणतात. या नोंदीवर अभ्यासकांचा विश्वास असतो व तो बव्हंशी योग्यही असतो. मनुष्याची स्मृती दगा देते, परंतु यंत्राने लिहिलेली ओळ पुढे बदलत नाही, अशी ही समजूत आहे. ओळ बदलत नाही हे खरेच आहे. प्रश्न एवढाच की ती ओळ नेमकी कशाची साक्ष देते? ज्या घटनेचे नाव तीत लिहिलेले असते त्या घटनेची, की ती ओळ लिहिली गेली त्या क्षणाची?

एकाच यंत्रावर एकामागून एक पायऱ्या चालत असतील तर या दोहोंत भेद करण्याचे कारण सहसा पडत नाही. तथापि जाळ्यावरून होणारे संदेशवहन असमकालिक असेल, म्हणजे संदेश सोपवून त्याच्या उत्तराची वाट न पाहता आज्ञावली पुढे जात असेल, तर घटना आणि तिची नोंद यांच्यात अंतर पडते. हे अंतर लक्षात न घेता मागनोंद वाचली असता ती केवळ अपुरी ठरते असे नव्हे, तर ती निश्चयपूर्वक चुकीच्या दिशेस बोट दाखविते. ही फसगत कशी होते, तिची मुळे कोठे आहेत व तीपासून बचाव कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात योजिले आहे.

१. सोपविणे, घडणे आणि कळणे

समकालिक कॉलमध्ये आज्ञावली एखादे काम मागते, ते पुरे होईपर्यंत थांबते आणि मग पुढील ओळीकडे वळते. मागणे, घडणे व कळणे ही तिन्ही त्या एका ओळीत सामावलेली असतात. म्हणून त्या ओळीनंतर छापलेले ‘झाले’ हे विधान विश्वसनीय असते.

असमकालिक कॉलमध्ये हे तीन क्षण सुटे होतात. पहिल्या क्षणी काम सोपविले जाते. दुसऱ्या क्षणी ते दूरच्या यंत्रावर प्रत्यक्ष घडते. तिसऱ्या क्षणी त्याचा परिणाम मूळ आज्ञावलीस कळतो. हा तिसरा क्षण बहुधा कॉलबॅकच्या रूपाने येतो. उत्तर आल्यावर चालवावयाचा आज्ञांचा जो तुकडा आधीच नेमून ठेवलेला असतो, त्याची पाळी घटनाचक्रात येते तेव्हा तो चालतो. उत्तर येणे व कॉलबॅकची पाळी येणे यांतही काळ जातो, कारण घटनाचक्र त्या वेळी दुसऱ्या कामात गुंतलेले असू शकते.

टपालाच्या व्यवहाराशी तुलना केल्यास हा भेद सहज स्पष्ट होईल. पत्र पेटीत टाकणे, ते वाटप करणाऱ्या कचेरीत पोचणे, पत्त्यावरील व्यक्तीने ते वाचणे आणि तिचे उत्तर परत येणे या चार निरनिराळ्या घटना आहेत. पत्र पेटीत टाकणाऱ्याने आपल्या वहीत ‘पत्र पाठविले’ असे लिहिले म्हणून पत्र वाचले गेले असे कोणी मानीत नाही. जुन्या पाकिटांवर पाठविणाऱ्या कचेरीचा शिक्का वेगळा व पोचल्याचा शिक्का वेगळा असे, याचे कारणही हेच. मागनोंदीत मात्र ‘पाठविले’ ही ओळ पाहून संदेश पलीकडे मिळाला असे समजण्याचा मोह अनुभवी मनुष्यासही होतो.

२. वावर परिसरातील एक कल्पित प्रसंग

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यापासून वेगळा झाला. त्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात जव्हार व मोखाडा हे आदिवासी तालुके आहेत. जव्हार तालुक्यातील वावर या गावाचे नाव १९९२-९३ साली वावर-वांगणी या जोडनावाने महाराष्ट्रभर गेले, ते तेथील बालकांच्या कुपोषणमृत्यूंमुळे. या भागात बालकाचे वजन, उंची व दंडघेर यांची नोंद केवळ कागद भरण्यापुरती नाही. कोणत्या मुलाकडे आज धाव घ्यावयाची, हे तिच्यावरून ठरते. अंगणवाड्यांतील अशा नोंदी मोबाइलवरून घेण्यासाठी केंद्र शासनाने मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ ही व्यवस्था सुरू केली. पुढील उदाहरण त्या किंवा दुसऱ्या कोणत्याही प्रत्यक्ष व्यवस्थेचे नव्हे. विषय समजावा म्हणून कल्पिलेले ते एक सामान्य उपयोजन आहे.

वावर परिसरातील एका पाड्यावर एक अंगणवाडी सेविका मुलाचा दंडघेर मोजून मोबाइलमध्ये १२.१ सें.मी. अशी नोंद करतात. पट्टी वाचण्यात चूक झाल्याचे लक्षात येताच त्या पुन्हा मोजतात व ११.२ सें.मी. अशी दुरुस्ती भरतात. पहिल्या नोंदीस ‘क’ व दुसरीस ‘ख’ म्हणू. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडघेर ११.५ सें.मी. पेक्षा कमी असणे हे तीव्र कुपोषणाचे मान्य लक्षण आहे. अर्थात् ‘क’ खरी मानली तर मूल त्या यादीत येत नाही, ‘ख’ खरी मानली तर तातडीने येते. पाड्यावर सिग्नल नसल्यामुळे दोन्ही नोंदी मोबाइलच्या रांगेत पडून राहतात. सेविका टेकाडावर येतात, सिग्नल मिळतो आणि दोन्ही संदेश लागोपाठ, दोन स्वतंत्र जोडण्यांवरून निघतात. काही दिवसांनी असे आढळते की सर्व्हरवर त्या मुलाचा दंडघेर १२.१ आहे. दुरुस्ती नाहीशी झाली आहे.

मोबाइलवरील मागनोंद अशी दिसते :

१३:४०:०१ — क पाठविली
१३:४०:०१ — ख पाठविली
१३:४०:०९ — क यशस्वी
१३:४०:०९ — ख यशस्वी

सर्व्हरवरील मागनोंद अशी :

१३:४०:०५ — क जतन केली
१३:४०:०५ — ख जतन केली

दोन स्वतंत्र साक्षीदार एकच क्रम सांगत आहेत : आधी क, मग ख. तेव्हा सर्व्हरवर शेवटी ‘ख’ राहावयास हवी होती. ती नाही, त्या अर्थी नंतर कोणीतरी जुना आकडा पुन्हा भरला असला पाहिजे. आणि तो भरण्याचा अधिकार सेविकेखेरीज कोणास आहे? या तर्कात वरवर पाहता कोठेही फट नाही. तरीही निष्कर्ष सर्वस्वी खोटा आहे.

प्रत्यक्षात घडले ते असे. क्षीण सिग्नलमुळे ‘क’चे पाकीट वाटेत गळाले. पोच न आल्यामुळे मोबाइलला ते पुन्हा पाठवावे लागले आणि त्यात सेकंदाचा काही अंश गेला. ‘ख’ दुसऱ्या जोडणीवरून विनाअडथळा गेली व आधी जतन झाली. मागाहून ‘क’ पोचली आणि तिने ‘ख’ला झाकून टाकले. सर्व्हरवर दोन संदेश हाताळणाऱ्या प्रक्रिया दोन होत्या व प्रत्येकीने आपल्या ओळी आधी स्वतःच्या बफरमध्ये साठविल्या होत्या. जिचा बफर आधी भरला तिच्या ओळी फाइलीत आधी उतरल्या, आणि ती योगायोगाने ‘क’ हाताळणारी होती. कालशिक्का सेकंदापुरताच असल्यामुळे तो दोन्ही ओळींवर एकच पडला. इकडे मोबाइलवर ‘ख’चे उत्तर आधी आले होते, परंतु घटनाचक्र पडद्यावरील यादी पुन्हा रेखाटण्यात गुंतले होते. ते मोकळे झाले तोवर ‘क’चेही उत्तर आलेले होते. तयार जोडण्यांची तपासणी यादीच्या क्रमाने होते. यादीत ‘क’ची जोडणी पहिली होती, म्हणून तिचा कॉलबॅक पहिला चालला.

अशा रीतीने एकही ओळ खोटी नसताना दोन्ही मागनोंदींनी खोटा क्रम सांगितला. दोन साक्षीदारांची एकवाक्यता येथे सत्याची खूण नव्हती. ती दोन निरनिराळ्या कारणांनी जुळून आलेली चूक होती.

३. फसगतीची स्थाने

वरील प्रसंगात दिसलेली व अन्यत्र आढळणारी फसगतीची स्थाने पुढीलप्रमाणे वेगळी करता येतील.

(अ) बफर. सी भाषेच्या प्रमाणित ग्रंथालयात सर्वसाधारण निर्गम पडद्यावर जात असेल तर सामान्यतः ओळीओळीने बाहेर पडतो. तोच फाइलीत वा नळीत वळविला असता बफर भरेपर्यंत आत थांबतो. त्रुटींचा निर्गम मात्र अडवून ठेवला जात नाही. म्हणून हे दोन्ही एका फाइलीत एकत्र केल्यास नंतर उद्भवलेली त्रुटी तिच्या आधीच्या पायऱ्यांपूर्वी छापलेली आढळते. याहून गंभीर गोष्ट ही की प्रक्रिया अकस्मात कोसळली असता बफरमधील ओळी तिच्याबरोबर नष्ट होतात. मागनोंदीतील शेवटची ओळ ही शेवटची घटना नव्हे, ती बाहेर पडू शकलेली शेवटची ओळ होय. ‘येथपर्यंत आले व मेले’ असा जो सरधोपट अर्थ लावला जातो तो यामुळे वारंवार चुकतो.

(आ) ‘पाठविले’ या शब्दाचा अर्थ. बर्कली युनिक्सच्या ४.२ आवृत्तीतून १९८३ साली सॉकेटची कल्पना प्रचारात आली व आजही तीच रूढ आहे. सॉकेटवर पाठवणीचा कॉल यशस्वी झाला याचा अर्थ बाइट कर्नलच्या बफरमध्ये उतरले एवढाच. ते तारेवर गेले असे त्यावरून ठरत नाही. पलीकडील टीसीपीची पोच आली तरी ती पलीकडील कर्नलची पोच असते. तेथील आज्ञावलीने तो मजकूर वाचला किंवा जतन केला याची ती हमी नव्हे. १९८१ च्या टीसीपीच्या मूळ विनिर्देशातच ही मर्यादा नमूद केलेली होती. पोस्टमास्तरने पत्र ताब्यात घेतल्याची पावती आणि पत्त्यावरील माणसाची सही यांत जो फरक, तोच येथे आहे. साल्ट्झर, रीड व क्लार्क यांनी १९८४ च्या निबंधात मांडलेला टोकापासून टोकापर्यंतचा युक्तिवाद याच मर्यादेतून निघतो : कार्य पुरे झाल्याची खातरजमा शेवटच्या दोन टोकांनाच करता येते, मधल्या वाहकाच्या पावतीवर ती सोपविता येत नाही.

(इ) त्रुटीचे चुकीचे घर. पलीकडील बाजूने जोडणी बंद केल्यानंतरही अलीकडील पहिली पाठवणी यशस्वी ठरू शकते, कारण ती केवळ बफरमध्ये उतरते. त्या पाठवणीमुळे पलीकडून जोडणी तोडल्याचा संदेश येतो आणि त्याचे फळ दुसऱ्या, सर्वथा निर्दोष पाठवणीच्या माथी मारले जाते. मागनोंदीत त्रुटीची ओळ या दुसऱ्या कॉलशेजारी असते. मग शोधक त्या कॉलचा मजकूर, त्याची लांबी, त्याचे स्वरूप तपासण्यात दिवस घालवितो. दोष एक कॉल आधी घडून गेलेला असतो.

(ई) तुटलेला स्टॅक. त्रुटी उद्भवली त्या क्षणी कोणी कोणास बोलाविले होते, हे स्टॅकवरून कळते. कॉलबॅकला मात्र बोलाविणारे घटनाचक्रच असते, म्हणून त्याच्या स्टॅकचा तळ घटनाचक्राशी संपतो. ते काम मुळात कोणी व कोठून सोपविले ही कहाणी तीत नसते, कारण सोपविणारे फलन केव्हाच परतलेले असते. जावास्क्रिप्टच्या व्ही-एट या यंत्रणेने २०१९ पासून प्रतीक्षेच्या साखळीवरून हा धागा पुन्हा जोडण्याची सोय दिली आहे. तरीही साध्या कॉलबॅकच्या बाबतीत तुटलेला धागा तुटलेलाच राहतो.

(उ) उशिरा वाचलेले मूल्य. काही मागनोंदींत वस्तूचे मूल्य न उतरविता तिचा केवळ निर्देश ठेवला जातो, आणि मूल्य दाखविण्याच्या वेळी वाचले जाते. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये छापलेली वस्तू नंतर उलगडून पाहिल्यास तिची तत्कालीन नव्हे, तर उलगडण्याच्या क्षणाची अवस्था दिसते. असमकालिक ग्रहणासाठी दिलेला बफर काम पुरे होण्यापूर्वी छापला तर, उलटपक्षी, मागील संदेशाचा मजकूर दिसतो आणि ‘सर्व्हर जुनेच उत्तर पुन्हा देत आहे’ असा ग्रह होतो.

(ऊ) घड्याळे. दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली प्रथम विनिर्दिष्ट केलेला एनटीपी हा संकेत ती जुळवून घेतो, परंतु त्या जुळवणीस मर्यादा आहे. शिवाय जुळवणी करताना घड्याळ मागे सरकविले गेल्यास त्याच यंत्रावरील नंतरच्या घटनेवर आधीची वेळ पडते. सिग्नलविना राहिलेल्या मोबाइलला सिग्नल मिळताच त्याचे घड्याळ दुरुस्त होणे संभवनीय आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी रांगेतील संदेशही बाहेर पडत असतात.

(ए) पाकिटांचे चित्रण. जाळ्यावरील पाकिटे टिपणारे साधन तरी निःपक्षपाती असेल, अशी आशा केली जाते. परंतु जाणारी पाकिटे ते सामान्यतः जाळेकार्डाच्या अलीकडे टिपते. चेकसम काढणे व मोठा मजकूर तुकड्यांत विभागणे ही कामे कार्डाकडे सोपविलेली असली तर चित्रणात प्रत्येक पाकिटाचे चेकसम चुकलेले दिसते, आणि जाळ्याच्या १५०० बाइटांच्या मर्यादेहून कितीतरी मोठी पाकिटे दिसतात. तारेवर यांपैकी काहीच नसते. ‘चेकसम चुकीचे’ या ओळीवरून जाळ्यातील उपकरणे बदलण्याचा खर्च करण्यापूर्वी हे चित्रण कोठे उभे राहून घेतले, हे विचारणे इष्ट आहे.

(ऐ) निरीक्षणाचा परिणाम. वरील उदाहरणात शोधकाने अधिक तपशील मिळावा म्हणून संदेशाचा संपूर्ण मजकूर छापण्याची व प्रत्येक ओळ साठवणुकीत उतरेपर्यंत थांबण्याची व्यवस्था केली, असे समजू. त्यामुळे ‘ख’ निघण्यास विलंब होईल, तोवर ‘क’ पोचून जाईल आणि दोष नाहीसा होईल. पाहू लागताच लपणाऱ्या अशा दोषांस भौतिकीतील हायझेनबर्ग यांच्या नावावरून हायझेनबग म्हणतात. जिम ग्रे यांच्या १९८५ च्या निबंधात अशा दोषांचे विवेचन आढळते. मागनोंद वाढविल्यावर दोष दिसेनासा झाला, म्हणजे तो गेला असे नव्हे. त्याचा संबंध वेळेच्या क्रमाशी आहे, एवढा एक मोलाचा पुरावा मात्र त्यातून हाती लागतो.

४. पूर्वापरतेची उपपत्ती

या सर्व स्थानांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे : घटनांचा एक सरळ क्रम असतो आणि मागनोंदीतील ओळींचा क्रम तोच असतो. या गृहीतकाचा पहिला भागच वितरित प्रणालीत टिकत नाही, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले.

त्यांच्या उपपत्तीनुसार एक घटना दुसरीच्या ‘आधी घडली’ असे तीनच नियमांनी म्हणता येते. दोन्ही घटना एकाच प्रक्रियेत असतील व पहिली त्या प्रक्रियेत आधी आली असेल, हा पहिला नियम. पहिली घटना संदेश पाठविण्याची व दुसरी तोच संदेश मिळण्याची असेल, हा दुसरा. तिसरा संक्रमणाचा : पहिली दुसरीच्या आधी व दुसरी तिसरीच्या आधी असेल तर पहिली तिसरीच्या आधी होय. या तीन नियमांनी ज्या दोन घटना जोडल्या जात नाहीत त्या परस्परांस समवर्ती होत. त्यांच्यापैकी आधी कोणती, या प्रश्नास प्रणालीच्या आतून उत्तर नसते.

पूर्वोक्त उदाहरणास ही कसोटी लावावी. ‘क’ सोपविणे हे ‘ख’ सोपविण्याच्या आधी घडले, कारण दोन्ही एकाच मोबाइलवर होत. ‘क’ सोपविणे ‘क’ पोचण्याच्या आधी घडले, तसेच ‘ख’चेही. परंतु ‘क’ पोचणे व ‘ख’ पोचणे यांना जोडणारी एकही कडी नाही. त्या दोहोंचा कोणताही क्रम प्रणालीच्या नियमांत बसतो. ‘आधी पाठविली ती आधी पोचेल’ ही अपेक्षा एका टीसीपी जोडणीपुरती रास्त आहे. दोन जोडण्यांच्या बाबतीत ती कोणीही दिलेले वचन नव्हे. तेव्हा दोष सेविकेचा नाही, जाळ्याचाही नाही. न दिलेल्या वचनावर विसंबून ज्यांनी ‘शेवटी पोचेल ते खरे’ असा नियम सर्व्हरवर घातला, त्यांच्या रचनेचा तो दोष आहे. या निष्कर्षासाठी मागनोंदीतील एकाही वेळेचा उपयोग करावा लागला नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

लॅम्पोर्ट यांच्या अंकांवरून घटनांचा एक ग्राह्य क्रम लावता येतो, परंतु दोन घटना समवर्ती होत्या किंवा नाही हे सांगता येत नाही. ती उणीव १९८८ साली फिज व मॅटर्न यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या सदिश घड्याळांनी भरून काढली. प्रत्येक प्रक्रियेने सर्व प्रक्रियांविषयी आपणास ठाऊक असलेले अंक बाळगावे व संदेशाबरोबर पाठवावे, अशी ही योजना आहे. तिच्या योगाने मागनोंदीस ‘येथे क्रम आहे’ याबरोबरच ‘येथे क्रम नाही’ हेही सांगता येते. दोषशोधात हे दुसरे विधान पहिल्याइतकेच उपयुक्त असते.

५. विश्वसनीय मागनोंदीची लक्षणे

विषय येथवर आणल्यानंतर उपाय बहुतांशी आपोआप सुचतात.

पहिली गोष्ट, प्रत्येक संदेशास त्याच्या उगमापाशीच ओळखक्रमांक द्यावा, आणि तो संदेश जेथे जेथे जाईल तेथील प्रत्येक ओळीत उतरावा. गूगलमधील अभियंत्यांनी २०१० साली वर्णिलेली डॅपर ही व्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे. एका मागणीपासून उद्भवलेली सर्व कामे एका मागखुणेखाली येतात, आणि प्रत्येक काम आपल्या जनक कामाचा क्रमांक बाळगते. तुटलेल्या स्टॅकचा धागा असा जोडला जातो. ही खूण निरनिराळ्या व्यवस्थांमधून अखंड वाहून नेण्यासाठी डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये प्रमाणही निश्चित केले. मात्र एक सावधगिरी अवश्य आहे. डॅपरच्या पहिल्या आवृत्तीत १०२४ मागण्यांतून एकीचीच नोंद ठेवली जात असे. नमुन्यादाखल ठेवलेल्या नोंदीत एखादी घटना नसणे, हा ती न घडल्याचा पुरावा नव्हे.

दुसरी गोष्ट, ओळीतील क्रियापद नेमके असावे. ‘पाठविली’ हा शब्द टाळून ‘रांगेत घातली’, ‘कर्नलकडे सोपविली’, ‘सर्व्हरला मिळाली’, ‘जतन झाली’, ‘उत्तर आले’, ‘कॉलबॅक चालला’ असे निरनिराळे शब्द योजावे. शेवटच्या दोन ओळींत मोठे अंतर दिसले तर विलंब जाळ्याचा नसून आपल्याच घटनाचक्राचा आहे, हे तत्काळ उघड होते. एरवी तो विलंब जाळ्याच्या माथी बसतो.

तिसरी गोष्ट, घटनेची वेळ व नोंदीची वेळ अशा दोन वेळा ठेवाव्या. हे तत्त्व नवे नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये चालणाऱ्या नोंदवहीत जन्माची तारीख वेगळी व नोंदणीची तारीख वेगळी असते, आणि खबर देण्यास एकवीस दिवसांची मुदत असते. नोंदणीच्या क्रमास जन्माचा क्रम मानण्याची चूक कोणताही ग्रामसेवक करणार नाही. जी शिस्त नोंदवहीने पाळली ती मागनोंदीनेही पाळणे कठीण नाही. एकाच यंत्रावरील कालावधी मोजण्यासाठी मात्र कधीही मागे न सरकणारे घड्याळ वापरावे, भिंतीवरचे नव्हे.

चौथी गोष्ट, मागनोंदीचा भार हलका असावा. ओळी स्मृतीतील वर्तुळाकार बफरमध्ये उतरवून सवडीने बाहेर काढल्यास वेळेच्या क्रमास धक्का कमी बसतो. मूल्ये मात्र तत्क्षणी गोठवून घ्यावी, निर्देश ठेवू नयेत. प्रक्रिया कोसळली तरी हा बफर वाचावा अशी तजवीजही त्याबरोबर हवी, नाहीतर पहिला दोष काढताना दुसरा ओढवून घेतल्यासारखे होईल.

पाचवी गोष्ट, दोष ज्या परिस्थितीत जन्मला ती परिस्थिती प्रयोगशाळेत निर्माण करावी. शहरातील जलद जाळ्यावर ‘क’ नेहमीच ‘ख’च्या आधी पोचते. तेथील मागनोंद हजार वेळा घेतली तरी ती निर्दोषतेचाच दाखला देत राहील. लिनक्समधील नेटेमसारख्या साधनाने विलंब, गळती व पाकिटांची उलटापालट मुद्दाम घडविता येते. टेकाडावर सिग्नल मिळताच साठलेले सर्व संदेश एकदम निघणे हा जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर अपवाद मानून चालणार नाही. परीक्षणाचा आरंभच तेथून व्हावयास हवा.

यांखेरीज मूळ दोषाचे निवारण स्वतंत्रपणे करावे लागते. मोबाइलने प्रत्येक नोंदीस वाढता अनुक्रमांक द्यावा, आणि जुन्या अनुक्रमांकाची नोंद मागाहून आली तर सर्व्हरने ती इतिहासात ठेवावी, चालू मूल्यावर लिहू नये. उत्तर न आल्यामुळे तोच संदेश पुन्हा पाठविला गेला तर ओळखक्रमांकावरून ती पुनरुक्ती ओळखावी. ‘सेविकेने एकच नोंद दोनदा भरली’ असा जो आक्षेप घेतला जातो, त्याचे कारण पुष्कळदा आज्ञावलीच्या या पुनःप्रेषणात असू शकते.

६. उपसंहार

मागनोंद निरुपयोगी आहे, असा या विवेचनाचा आशय नाही. तिच्यावाचून दोषशोधच अशक्य होईल. म्हणणे एवढेच की तिच्या प्रत्येक ओळीस न्यायालयातील साक्षीदाराप्रमाणे चार प्रश्न विचारले जावेत. ही ओळ कोणी लिहिली? ती केव्हा लिहिली व केव्हा बाहेर पडली? तिने स्वतः काय पाहिले आणि काय केवळ गृहीत धरले? आणि जे तिने पाहिले नाही, ते तिच्या व पुढील ओळीच्या दरम्यान घडून गेले असणे शक्य आहे काय? या प्रश्नांची उत्तरे मिळण्यापूर्वी दोन ओळींच्या क्रमावर निष्कर्ष उभारणे सुरक्षित नाही.

या प्रश्नांचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. मागनोंदीचा चुकीचा अर्थ लावला गेला म्हणजे चुकीची दुरुस्ती होते आणि मूळ दोष तसाच राहतो, हा एक परिणाम. त्याहून मोठा परिणाम असा की दोषाचा ठपका जो साखळीत सर्वांत दूर व सर्वांत दुर्बळ असतो, त्याच्यावर पडतो. यंत्राची ओळ एका बाजूस आणि पाड्यावरील सेविकेचा शब्द दुसऱ्या बाजूस असला, तर कार्यालयात ओळीचे पारडे जड ठरणे स्वाभाविक आहे. वरील उदाहरणात सेविकेने मोजले ते बरोबर होते, भरले तेही बरोबर होते, आणि चूक ध्यानात येताच ती दुरुस्तही केलेली होती. तरी दंडघेर ११.२ असलेले मूल यादीबाहेर राहिले, आणि त्याचे कारण शोधणाऱ्यास मागनोंदीने सेविकेचे नाव सुचविले. ज्या परिसरात अशा एका आकड्यास एका बालकाच्या जीविताइतके मोल असू शकते, त्या परिसरासाठी प्रणाली रचणाऱ्याने ‘जतन झाली’ ही ओळ केव्हा छापावी, हे ठरविताना तितकीच काळजी घेणे अगत्याचे आहे.